लालगळ्या की काळगळ्या?

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गात एक चित्र घेऊन गेलो होतो. एका जुन्या कॅलेंडरमधून ते कापून ठेवलेले होते. चित्रात एक इवलासा पक्षी लाल फुलासमोर हवेतच थांबलेला होता. पाठ हिरवी, पोट पांढरट, चोच सुईसारखी लांब. खाली एवढेच छापले होते : हमिंगबर्ड, अमेरिका. मी मोठ्या ऐटीत वर्गाला सांगितले, "ही रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डची मादी आहे." चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने तसे लिहूनही ठेवले होते.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, रूबी म्हणजे याकूत ना? मग हिचा गळा तर पांढरा आहे. तुम्ही कसं ओळखलंत?"

मी म्हणालो, "मादीचा गळा पांढराच असतो."

ती मुलगी खाली बसली. मात्र मला दिवसभर चुकल्यासारखे वाटत राहिले. तिने विचारले होते एक आणि मी उत्तर दिले होते दुसऱ्याच प्रश्नाचे. मी कसे ओळखले? खरे सांगायचे तर मी ओळखलेच नव्हते. मला हमिंगबर्डचे एकच नाव पाठ होते, तेच मी ठोकून दिले होते. पुढे पुस्तके चाळली तेव्हा कळले, की अमेरिकेत आणखी एक हमिंगबर्ड आहे आणि त्याची मादी हुबेहूब अशीच दिसते. इतकी सारखी, की आयुष्यभर पक्षी पाहणारे लोकही तिथे गोंधळतात. त्या दोन पक्ष्यांची ओळख आज आपण करून घेऊ या.

त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते की हमिंगबर्ड आपल्या गावातही दिसतो. जास्वंदीवर किंवा कण्हेरीवर एक चिमुकला, चकाकणारा पक्षी येतो आणि वाकड्या चोचीने मकरंद, म्हणजे फुलांतला गोड रस, पितो. हा पक्षी हमिंगबर्ड नव्हे. त्याला मराठीत शिंजीर म्हणतात आणि उर्दूत आपण त्याला शकरखोरा म्हणतो. दोघांचे खाणे सारखे, म्हणून रूपही थोडे सारखे झाले आहे. नाते मात्र फार दूरचे आहे. शिंजीर चिमणीसारख्या पक्ष्यांच्या गटातला आहे, तर हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. आपल्याकडे बरेच जण पाकोळीला अबाबील म्हणतात. शिंजीर बहुतेक वेळा डहाळीवर बसून रस पितो. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी तरंगत पितो, आणि पिऊन झाले की चक्क मागे मागे उडत बाहेर येतो. हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती आहेत आणि त्या साऱ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत व तिथल्या बेटांवर राहतात. भारतात, आशियात, आफ्रिकेत, युरोपात आज एकही नाही.

या ३६० जातींपैकी आपल्याला दोनच जाती पाहायच्या आहेत. पहिलीचे इंग्रजी नाव रूबी-थ्रोटेड. रूबी म्हणजे माणिक किंवा याकूत, आणि थ्रोट म्हणजे गळा. ज्याच्या गळ्यावर माणिक आहे तो. दुसरीचे नाव ब्लॅक-चिन्ड. चिन म्हणजे हनुवटी, उर्दूतली ठोडी. ज्याची हनुवटी काळी आहे तो. आपल्या बुलबुलाला मराठीत लालबुड्या म्हणतात, त्याच धर्तीवर आपण या दोघांना लालगळ्या आणि काळगळ्या म्हणू. ही नावे मी या पाठापुरती दिली आहेत. पक्ष्यांच्या पुस्तकात शोधू नका.

शास्त्रज्ञांनी या दोघांना एकाच प्रजातीत, म्हणजे एकाच छोट्या घराण्यात ठेवले आहे. तिचे नाव आर्किलोकस. या घराण्यात हे दोघेच आहेत, तिसरा कोणी नाही. दोन सख्ख्या भावांसारखेच म्हणा ना! लालगळ्याला शास्त्रीय नाव मिळाले १७५८ साली. ते देणारा स्वीडनचा प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनियस स्वतः कधी अमेरिकेला गेला नव्हता. इतरांनी केलेल्या वर्णनांवरून त्याने हे काम केले. काळगळ्याला मात्र नाव मिळण्यासाठी १८४६ सालापर्यंत वाट पाहावी लागली. दोन नावांमध्ये ८८ वर्षांचे अंतर पडले ते एवढ्यासाठी, की युरोपातून आलेले लोक आधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसले आणि लालगळ्या तिथला आहे. काळगळ्या पश्चिमेचा. तिथे राहणारे मूळ रहिवासी त्याला पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेच असतील. फक्त ते लॅटिन भाषेत पुस्तके लिहीत नव्हते.

आता दोन्ही नर पाहू. आकार एकच, सुमारे ९ सेंटिमीटर. त्यात चोचही आली. वजन सुमारे ३ ग्रॅम. तुमच्या खिशात एक रुपयाचे नाणे असेल तर ते तळहातावर ठेवून पाहा. जिवंत पक्षी तेवढाच, किंवा थोडा हलकाच भरेल. दोघांची पाठ हिरवी, छाती पांढरट, शेपटी गडद. फरक आहे तो गळ्यात. लालगळ्याचा सगळा गळा निखाऱ्यासारखा लाल चमकतो. काळगळ्याचा गळा मखमलीसारखा काळा असतो आणि त्या काळ्या रंगाच्या खालच्या कडेला एक अरुंद जांभळा पट्टा असतो.

तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे आहे? लाल म्हणजे लाल आणि काळा म्हणजे काळा!

अडचण अशी, की हा लाल रंग खरा रंगच नाही. कबुतराची मान आठवा. कबुतर मान वळवते तसा तिथला रंग कधी हिरवा तर कधी जांभळा होतो. साबणाच्या फुग्यावरही असेच रंग फिरताना दिसतात. फुग्यात रंग घातलेला नसतो. त्याच्या पातळ पडद्यावरून उजेड ज्या रीतीने परततो, त्यामुळे रंग दिसतो. हमिंगबर्डच्या गळ्याच्या पिसांचेही तसेच आहे. ती पिसे मुळात काळपट आहेत. त्यांच्यात अतिशय सूक्ष्म चकत्या थरावर थर रचलेल्या असतात आणि त्या चकत्यांत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. ऊन योग्य कोनातून पडले की या थरांवरून परतणाऱ्या उजेडात लाल रंग जोर धरतो आणि गळा पेटल्यासारखा दिसतो. कोन बदलला की दिवा विझावा तसा रंग विझतो आणि गळा काळा दिसतो.

म्हणजे पाहा, सावलीत बसलेला लालगळ्या काळ्या गळ्याचा दिसतो! त्यातच त्याच्या चोचीखाली मुळातच थोडी काळी पिसे असतात. काळगळ्याचा जांभळा पट्टाही याच रीतीने दिसतो आणि याच रीतीने नाहीसा होतो. म्हणून जाणकार लोक घाईने नाव सांगत नाहीत. पक्षी मान वळवीपर्यंत ते दुर्बीण रोखून थांबतात. एका क्षणासाठी लाल ठिणगी दिसली, तर प्रश्न मिटला. जांभळी कड दिसली, तरीही मिटला. काहीच दिसले नाही, तर थांबायचे.

नर तरी कधी ना कधी मान वळवतो. मादीचे काय? दोन्ही जातींत मादीचा गळा पांढरट. पिल्ले मोठी होऊन उडू लागली की तीही आईसारखीच दिसतात. पण माद्यांकडे वळण्यापूर्वी हे दोघे कुठे राहतात आणि कसे जगतात ते पाहिले पाहिजे, कारण राहण्याच्या जागेवरूनही पुष्कळ उलगडा होतो.

अमेरिकेचा नकाशा उघडा. मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली गवताळ मैदाने आहेत. त्यांच्या पूर्वेला, दक्षिण कॅनडापासून खाली मेक्सिकोच्या आखातापर्यंत, उन्हाळ्यात लालगळ्या घरटी करतो. तिथे पाऊस बऱ्यापैकी पडतो, पानझडीची जंगले आहेत, बागा आहेत. या साऱ्या पूर्व भागात नेमाने घरटी करणारा तो एकटाच हमिंगबर्ड आहे. काळगळ्या पश्चिमेकडचा. कॅनडाच्या दक्षिण टोकापासून टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोपर्यंत कोरड्या डोंगरदऱ्यांत, ओढ्याकाठच्या झाडांत आणि गावांतही तो राहतो.

हिवाळा आला की फुले संपतात, किडे कमी होतात, आणि दोघेही दक्षिणेकडे निघतात. याला मराठीत स्थलांतर म्हणतात. उर्दूत आपण पक्ष्यांची हिजरत म्हणतो. काळगळ्याचा रस्ता जमिनीवरून जातो. तो पश्चिम मेक्सिकोत उतरतो. वाटेत भूक लागली तर खाली फुले आहेत, थकवा आला तर झाडे आहेत. लालगळ्याला दक्षिण मेक्सिको आणि त्याही पलीकडे पनामापर्यंतचे देश गाठायचे असतात, आणि त्याच्या वाटेत मेक्सिकोचे आखात आडवे येते. काही पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालून जातात. पण पुष्कळ पक्षी सरळ समुद्रावरून झेपावतात. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे, म्हणजे आगगाडीने मुंबईहून नागपूरला जावे जवळजवळ तेवढे. खाली फक्त पाणी. बसायला फांदी नाही, प्यायला थेंबभर मकरंद नाही. सुमारे वीस तास पंख सतत हलते ठेवायचे, आणि ते पंख सेकंदाला जवळजवळ ५० वेळा हलतात.

एके काळी शास्त्रज्ञांना हे पटत नव्हते. त्यांनी कागदावर हिशोब मांडला होता : एवढ्याशा शरीरात एवढे इंधन मावणारच नाही, तेव्हा पक्षी मध्येच समुद्रात पडेल. हिशोब चोख दिसत होता. पण तिकडे पक्षी मात्र दर वर्षी आखात ओलांडत होते! मग १९६२ साली रॉबर्ट लासिएव्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने नव्याने मोजणी केली. उडणारा हमिंगबर्ड किती प्राणवायू वापरतो हे त्याने प्रत्यक्ष मोजले आणि त्यावरून चरबी किती खर्च होईल ते काढले. उत्तर आले, की सुमारे दोन ग्रॅम चरबी साठवलेला पक्षी आखात सहज पार करू शकतो. जुन्या हिशोबात पक्ष्याचा खर्च फार जास्त धरला गेला होता. लालगळ्या निघण्यापूर्वी खाऊन खाऊन जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो हेही आता सर्वांना माहीत आहे. तीन ग्रॅमचा पक्षी सहा ग्रॅमच्या आसपास जातो. तुमच्यापैकी एखाद्याने प्रवासाला निघण्यापूर्वी आपले वजन दुप्पट केले तर काय होईल, याची कल्पना करून पाहा!

खाण्याचे त्यांचे वेड खरोखरच विलक्षण आहे. हृदय मिनिटाला हजाराहून जास्त वेळा धडधडू शकते. असे यंत्र चालवायचे तर सारखे इंधन हवे. म्हणून दिवसभर फुलांमागून फुले, आणि मध्येच बारीक किडे व कोळी. रात्री खाता येत नाही. मग थंड रात्री हे पक्षी शरीराची ऊब उतरवतात, हृदयाचे ठोके अगदी मंद करतात आणि गुंगीत पडल्यासारखे पहाटेपर्यंत फांदीला धरून राहतात. अशा वेळी कोणी पाहिले तर पक्षी मेला आहे असेच त्याला वाटावे. हे दोघांनाही जमते.

दोघांचे आणखी एक साम्य मला फार आवडते. दोघेही शेजाऱ्याचा फायदा घेतात. मात्र प्रत्येकाचा शेजारी निराळा.

लालगळ्या वसंतात उत्तरेकडे परततो तेव्हा तिथे फुले पुरती उमललेली नसतात. अशा वेळी तो सॅपसकर नावाच्या सुतारपक्ष्याच्या मागे लागतो. हा सुतारपक्षी झाडाच्या सालीत ओळीने भोके पाडतो आणि त्यांतून पाझरणारा गोड रस पितो. तो दुसऱ्या झाडाकडे गेला, की लालगळ्या येऊन त्याच भोकांतला रस पितो. रसाला चिकटलेले किडेही खातो. खोदण्याची मेहनत एकाची, नाश्ता दुसऱ्याचा!

काळगळ्याची गोष्ट याहून नवलाची आहे. अमेरिकेच्या आग्नेय ॲरिझोनात चिरिकाहुआ नावाचे डोंगर आहेत. तिथे संशोधकांना दिसले, की काळगळ्याच्या माद्या ससाण्यांच्या घरट्यांजवळ आपली घरटी बांधतात. हे ससाणे म्हणजे आपल्या शिकऱ्यासारखे, पक्ष्यांची शिकार करणारे पक्षी. तीन ग्रॅमच्या पाखराने शिकाऱ्याच्या दारात पाळणा बांधावा, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही खरे वाटले नव्हते. कारण ऐका. हमिंगबर्डची अंडी आणि पिल्ले पळवणारा खरा शत्रू आहे जे नावाचा पक्षी. तो कावळ्याच्या कुळातला, रंगाने निळसर, स्वभावाने कावळ्याइतकाच चाणाक्ष. ससाणा वरून झडप घालतो, म्हणून जे पक्षी ससाण्याच्या घरट्याखाली फिरकत नाही. तिथे वावरलाच तर ससाण्याच्या वर राहतो. त्यामुळे ससाण्याच्या घरट्याखाली, उघड्या छत्रीखाली असावी तशी, एक सुरक्षित जागा तयार होते. आणि ससाणा स्वतः हमिंगबर्डच्या वाटेला जात नाही. एवढ्याशा घासासाठी कोण धावणार? २०१५ साली हॅरॉल्ड ग्रीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. ससाण्याच्या छायेतली घरटी जास्त टिकतात, हे त्यांनी पुष्कळ घरटी तपासून दाखवले.

घरट्यांचा विषय निघालाच आहे तर तेही पाहू. दोन्ही जातींत घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्लांना भरवणे ही सारी कामे मादी एकटी करते. नर काहीच मदत करत नाही. त्याचे सगळे लक्ष आपल्या हद्दीतल्या फुलांवरून इतरांना हुसकावण्याकडे! घरटे म्हणजे एक छोटीशी वाटी. वनस्पतींच्या मऊ कापसाची ती बनवलेली असते आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेली असते. कोळ्याचा धागा ताणतो, त्यामुळे पिल्ले वाढतात तशी वाटीही रुंदावते. आत वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी. इथवर दोघींचे सारखे. पण लालगळ्याची मादी आपल्या घरट्याला बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवते. झाडाच्या सालीवर जी राखाडी-हिरवी खपली दिसते तेच दगडफूल. आपल्या मसाल्यातही घालतात, तसे. असे घरटे फांदीवरच्या गाठीसारखे दिसते. काळगळ्याची मादी सहसा हा थर देत नाही. तिचे घरटे फिकट, पिवळसर, स्पंजाच्या तुकड्यासारखे दिसते. तेव्हा पक्षी ओळखू आला नाही तरी घरटे पाहून अंदाज बांधता येतो.

आता आपण त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. घरटे नाही, नर नाही, समोर फक्त एक मादी आहे. ओळखायची कशी?

पहिली खूण डोक्याची. लालगळ्याच्या मादीचे कपाळ आणि माथा पाठीसारखेच हिरवे असतात. काळगळ्याच्या मादीचा माथा मळकट, करड्या रंगाकडे झुकणारा असतो. दुसरी खूण चोचीची. काळगळ्याची चोच किंचित जास्त लांब असते आणि टोकाकडे किंचित खाली वळलेली वाटते. या दोन्ही वाक्यांत मी "किंचित" आणि "झुकणारा" असे शब्द का वापरले ते तुमच्या लक्षात आले असेल. एकटी मादी पाहून हे सांगणे कठीण आहे. दोघी शेजारी शेजारी बसल्या तर जमेल, पण पक्षी आपल्या सोयीने बसत नाहीत.

तिसरी खूण मला अधिक उपयोगाची वाटते, कारण ती रंगाची नसून सवयीची आहे. फुलासमोर तरंगताना काळगळ्या आपली शेपटी जवळजवळ सतत खालीवर हलवतो, जणू हातपंपच मारतो आहे. लालगळ्या शेपटी बऱ्याच अंशी स्थिर धरतो. कधी तरी हलवतो, पण सतत नाही. उजेड वाईट असला, अंतर जास्त असले, तरी ही हालचाल दिसते.

आणि चौथी खूण पंखात आहे. हमिंगबर्डच्या पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसे असतात. त्यांतले सर्वांत बाहेरचे, दहावे पीस पाहायचे. लालगळ्यात हे पीस टोकाकडे अरुंद, निमुळते होत जाते. काळगळ्यात ते टोकापर्यंत रुंद राहते. टोक बोथट असते आणि विळ्यासारखा थोडा बाक असतो. ही खूण सर्वांत भरवशाची. परंतु सेकंदाला ५० वेळा हलणाऱ्या पंखातले एक पीस कोणाला दिसणार? पक्षी शांत बसलेला हवा, किंवा त्याचा फार स्पष्ट फोटो हवा, किंवा पक्षी हातात हवा.

पक्षी हातात घेण्याचे काम तिथे मन मानेल त्याला करता येत नाही. त्यासाठी शिकावे लागते आणि सरकारी परवाना लागतो. हे लोक पक्ष्याला जाळीत अलगद पकडतात, दहावे पीस पाहतात, चोच मोजतात, वजन करतात आणि पायात क्रमांक कोरलेले एक कडे घालून सोडून देतात. ते कडे किती लहान असेल? काडीपेटीतल्या काडीपेक्षाही पक्ष्याचा पाय बारीक असतो! कड्याचे वजन अवघे काही मिलिग्रॅम. पुढे कधी तोच पक्षी पुन्हा सापडला, की क्रमांकावरून त्याची हकिकत कळते. अशाच कड्यांमुळे समजले, की लालगळ्याची एक मादी ९ वर्षांहून जास्त आणि काळगळ्याची एक मादी ११ वर्षांहून जास्त जगली होती. यांतली पहिली दर वर्षी समुद्र ओलांडत होती की किनाऱ्याने वळसा घालत होती, हे मात्र कडे सांगत नाही.

इतकी खटपट कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. दोन्ही हमिंगबर्डच ना, मग नाव काही का असेना! पण नकाशा आठवा. कोणता पक्षी कुठे राहतो, कुठे जातो, कुठे कमी होतो आहे, हे नकाशे माणसांनी केलेल्या नोंदींवरूनच तयार होतात. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत, या दोन्ही जातींचे काही पक्षी मुक्कामाला थांबतात. त्यांत बऱ्याच माद्या आणि कोवळी पिल्ले असतात. तिथे कोणी माझ्यासारखे ठोकून दिलेले नाव लिहिले, तर पश्चिमेचा पक्षी पूर्वेचा ठरेल. अशा शंभर नोंदी झाल्या तर नकाशाच खोटा होईल.

टेक्सास आणि ओक्लाहोमा राज्यांत तर गुंता आणखी वाढतो. तिथे पूर्वेचा आणि पश्चिमेचा प्रदेश एकमेकांना भिडतो आणि दोन्ही जाती शेजारी शेजारी राहतात. क्वचित एका जातीचा नर आणि दुसऱ्या जातीची मादी यांची पिल्लेही होतात. त्यांना संकरित पक्षी म्हणतात. अशा पक्ष्यात थोड्या खुणा या बाजूच्या आणि थोड्या त्या बाजूच्या असतात. त्याला लालगळ्या म्हणावे तर दहावे पीस नाही म्हणते, काळगळ्या म्हणावे तर गळा नाही म्हणतो. असे असूनही दोन्ही जाती एकमेकींत विरघळून गेलेल्या नाहीत. पूर्वेला आजही लालगळ्याच आहे आणि पश्चिमेला काळगळ्याच.

मग जिथे कळतच नाही तिथे काय लिहायचे? यासाठी एक सोय केलेली आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने २००२ साली ई-बर्ड नावाची नोंदवही इतरांच्या मदतीने सुरू केली. जगभरचे लोक आपण पाहिलेले पक्षी तिच्यात संगणकावरून नोंदवतात. आपल्या देशातलेही पुष्कळ जण नोंदवतात. त्या यादीत रूबी-थ्रोटेड आहे, ब्लॅक-चिन्ड आहे, आणि शिवाय एक तिसरी नोंद आहे. तिच्यात ही दोन्ही नावे मध्ये तिरकी रेघ घालून लिहिलेली आहेत. याचा अर्थ : मी पाहिला तो या दोघांपैकी एक होता, कोणता ते मला ठरवता आले नाही. ही नोंद चुकीची समजली जात नाही. इतर नोंदींसारखीच ती जपून ठेवली जाते.

परवा मी ते कॅलेंडरचे चित्र कपाटातून पुन्हा काढले आणि सगळ्या खुणा एकेक करून तपासल्या. माथ्यावर फुलाची सावली पडली आहे. हिरवा की करडा, सांगता येत नाही. चोचीचे टोक फुलात बुडालेले आहे. शेपटी हलत होती की नव्हती, हे चित्रात कळणार कसे? पंख वेगामुळे पुसट आले आहेत, त्यामुळे दहावे पीस कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते दिसत नाही. जागेचे नाव म्हणून फक्त "अमेरिका" छापलेले आहे, आणि अमेरिकेत पूर्व आहे तशीच पश्चिमही आहे. मी मागचे पेन्सिलीचे अक्षर खोडरबराने पुसले आणि तिथे दोन नावे लिहिली, मध्ये एक तिरकी रेघ घालून. ती मुलगी आता कॉलेजात शिकते. तिचा धाकटा भाऊ यंदा आठवीत आहे. चित्र त्याच्याजवळ दिले आहे, बहिणीला दाखवायला.